काकांची सही आणि अझीझियातला सोफा

मित्रांनो, दोहात अल अझीझिया नावाची वस्ती आहे. तिथल्या एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून मी बसलेला असतो. मी एक जुना सोफा आहे. तीन माणसं ऐसपैस बसतील आणि चौथं आलं तर कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी बरगडीत जाईल, एवढा. मुळात माझा रंग शेवाळी होता. आता त्याला काय म्हणावं ते मलाही सांगता यायचं नाही.

माझा जन्म इथलाच, इंडस्ट्रियल एरियातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. लाकूड एका देशातून आलं, स्प्रिंगा दुसऱ्यातून, कापड तिसऱ्यातून. त्या सगळ्यांची मोट बांधली रहमान नावाच्या कारागिरानं. तो तोंडात खिळे धरून काम करायचा, म्हणून बोलायचा कमी. मी पुरा झालो तेव्हा त्यानं खिळे काढून डबीत ठेवले, दोन पावलं मागं सरकला आणि धपकन माझ्यावर बसला. मी कुरकुरलो नाही. तो हसला. दुकानात मला विकताना मालकानं गिऱ्हाइकाला 'स्प्रिंगांची हमी आहे' असं सांगितलं. हमी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, कुणी कितीही जोरात बसलं तरी न कुरकुरणं म्हणजे हमी. पुढं हाच शब्द माझ्यावर बसून माणसांनी इतक्यांदा उच्चारला आणि दर वेळी त्याचा असा काही वेगळाच अर्थ निघाला, की आज त्याचं मला धड काही सांगता येत नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे जियाद, बैरूतहून आलेला एक आर्किटेक्ट. त्याच्याकडे पाहुण्यांचा राबता फार. मी लगेच रुळलो. पण एक दिवस त्याचं कंत्राट संपलं. 'खलास' म्हणत त्यानं घरातल्या एकेका वस्तूवर हात फिरवला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी विकायला असल्याची चिठ्ठी लावली. इथं असंच असतं, मित्रांनो. माणसं विमानानं निघून जातात आणि सोफे मागं राहतात.

चिठ्ठी वाचून आले प्रताप निफाडकर. नाशिकचे. मेसईदच्या खताच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी मला उलटा करून पाहिलं, पाय हलवून पाहिले, मग बसून पाहिलं. त्यांच्या पत्नी सरोज यांनी फक्त हाताच्या पंज्यानं माझी गादी दाबली आणि म्हणाल्या, "घ्या. पोरीला झोपायला होईल."

ती पोर म्हणजे आसावरी. तेव्हा ती शाळेत नुकतीच जायला लागली होती. माझ्यावर तिनं उड्या मारल्या, दूध सांडलं, पाठ झालेलं सगळं विसरून पुन्हा पाठ केलं. आई मराठीत रागावायची आणि ही इंग्रजीत उत्तर द्यायची. "आसावरी, पाय खाली घे." "बट व्हाय?" असं त्यांचं वर्षानुवर्षं चालायचं. दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. घरी आलेली माणसं मला बघून म्हणायची, काय मजबूत आहे हो, हल्ली असं मिळत नाही. मी आतल्या आत फुगायचो.

मग आसावरी कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि माझे वाईट दिवस आले. दोन माणसांच्या घरात तीन माणसांचा सोफा. माझ्या एका टोकाला प्रतापराव बसत. उरलेल्या जागेवर इस्त्रीचे कपडे, सामानाच्या पिशव्या, विजेची बिलं. कुणी बसलंच नाही तर सोफ्याची स्प्रिंग आखडते. दुकानदारानं दिलेली हमी तर कधीच संपली होती.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. ती मला पुरती उलगडलेली नाही, हे आधीच सांगतो. मला वाचता येत नाही. मी ऐकलं तेवढंच सांगणार.

पुण्यात आसावरीची गंधारशी ओळख झाली. तो लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेला, तिथलाच नागरिक झालेला, सहा महिन्यांच्या कामासाठी पुण्यात आलेला. लग्न ठरलं. तेव्हा प्रतापरावांनी सरोजताईंना माझ्यावर बसवून तिथला कायदा समजावून सांगितला. तिथं बायकोला न्यायचं तर नवऱ्यानं सरकारला हमी द्यायची, की हिचं पोट मी भरीन, ही तुमच्या गळ्यात पडणार नाही. पण गंधारचं पुढचं शिक्षण नुकतंच संपलेलं, त्याची कमाई त्या नियमात बसेना. वडील वारलेले, आई निवृत्त. म्हणजे तिथंच राहणारा आणखी एक हमीदार हवा.

तो मिळाला घरातच. प्रतापरावांचे थोरले भाऊ श्यामराव न्यू जर्सीत राहतात. भारतात जाता जाता ते इथं दोन दिवस उतरले होते. माझ्या मधोमध बसून त्यांनी भावाचं म्हणणं ऐकलं आणि म्हणाले, "अरे, पोर आपली आहे. सही काय मागतोस, पेन आण." सुटीत आलेल्या आसावरीनं वाकून नमस्कार केला. सरोजताईंनी साटोऱ्या केल्या. लग्न पार पडलं, घरी परतल्यावर श्यामरावांनी कागदांवर सही केली आणि वर्षभरात आसावरी ह्यूस्टनला गंधारच्या घरी पोचली.

तिला मिळालं ते कार्ड दोन वर्षांचं होतं. लग्न नवं असलं की आधी असंच अटीचं कार्ड देतात म्हणे. दोन वर्षं संपत आली की नवराबायकोनं मिळून अर्ज करायचा, की आता अट काढा. मग पक्कं कार्ड.

याच दोन वर्षांत दोघा भावांचं बिनसलं. श्यामरावांच्या मधुराचं लग्न न्यू जर्सीत होतं आणि नेमकं त्याच आठवड्यात प्रतापरावांच्या कारखान्यात शटडाऊन. वर्षातून एकदा सगळी यंत्रं बंद करून दुरुस्ती करतात, तेव्हा कुणालाही रजा नसते. प्रतापराव गेले नाहीत. श्यामरावांचा फोन आला तो मी ऐकला. माझ्या सहीला तुला वेळ होता, माझ्या पोरीच्या लग्नाला नव्हता, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. दोघंही नाशिकचे, दोघंही हट्टी.

मग सरोजताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आसावरी आईच्या मदतीला दोहात आली. दीडेक महिना राहून परत जायचं होतं. गुडघ्याच्या माणसाला खोल बसता येत नाही, म्हणून प्रतापरावांनी माझ्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. मी वीतभर उंच झालो. माझ्यावरचे कपडे आणि पिशव्या गेल्या. सरोजताई दिवसभर माझ्यावर पाय लांब करून बसत आणि रात्री आसावरी माझ्यावर झोपे. खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

पण आसावरीचं काही तरी बिघडलं होतं. सोफ्याला माणूस वजनावरून कळतं. निवांत असलं की ते मागं रेलतं. उठून जायचं असलं की कडेवर बसतं. आसावरी दिवसचे दिवस कडेवरच बसे आणि उठूनही जात नसे. याचा अर्थ मला लागेना.

संध्याकाळी ह्यूस्टनला सकाळ होई, तेव्हा गंधारचा फोन येई. तो म्हणे, घाई करू नकोस, आईंना नीट चालता येऊ दे. पहिल्यांदा हे ऐकून सरोजताईंचे डोळे भरून आले. काय गुणाचा जावई. दीड महिन्याचे तीन महिने झाले, सरोजताई काठी घेऊन इमारतीखालच्या दुकानापर्यंत जायला लागल्या, तरी तो म्हणतच होता, थांब अजून थोडी. मग त्या आवाजातला गोडवा सगळ्यांनाच टोचायला लागला. कार्डाची मुदत जवळ येत होती. अर्ज मुदत संपण्याआधीच्या तीन महिन्यांत करायचा असतो, आणि ते तीन महिने सुरू होत होते.

घरात तेव्हा एकच विषय होता. हमीचं काय?

प्रतापरावांना कारखान्याच्या बसमध्ये कुणी तरी सांगितलं, की अट काढताना सगळे पगाराचे कागद पुन्हा मागतात, हमीदार पुन्हा उभा करावा लागतो. दुसरा म्हणाला, छे, पहिली हमी दोन वर्षांचीच असते, ती आपोआप संपते. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या तरी मेहुण्यानं तिसरंच लिहिलं. प्रतापराव घरी येऊन ते सगळं एकत्र सांगत आणि सांगता सांगता स्वतःच गोंधळत. एकदा ते तावातावानं म्हणाले, कुणाच्या दारात जायला नको, मीच देतो हमी, माझा पगार काय कमी आहे? मग त्यांचं त्यांनाच आठवलं, की हमीदार अमेरिकेतच राहणारा लागतो, मेसईदचा पगार तिथं चालत नाही. ते माझ्या टोकाला येऊन बसले आणि पुष्कळ वेळ बुटांची नाडीच सोडत राहिले.

म्हणजे पुन्हा श्यामराव. आणि श्यामरावांशी बोलणार कोण?

एका दुपारी प्रतापराव कामावर असताना सरोजताई गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसल्या होत्या. आसावरी कडेवर. तिनं एकदम विचारलं, "आई, त्याला सहीच करायची नसेल तर?"

"कुणाला? भावोजींना?"

"गंधारला. त्या अर्जावर दोघांची सही लागते. तो रोज थांब म्हणतो. मुदत निघून जाईल, मग त्याला काही सांगावंही लागणार नाही."

सरोजताईंनी पिशवी बाजूला ठेवली. "तू विचारलंस त्याला?"

"कसं विचारू? विचारलं आणि हो म्हणाला तर?"

लेकीच्या पाठीवर सरोजताईंनी हात ठेवला तेव्हा ती पहिल्यांदा मागं रेलली आणि माझ्या पाठीचं कापड ओलं झालं. मी पुरता चक्रावलो. इतके दिवस मला वाटत होतं, प्रश्न काकांच्या सहीचा आहे. आता कळलं, की ही तर नवऱ्याच्या सहीला भ्यायली आहे. मग घरातले सगळे काकांबद्दल का बोलत होते?

सरोजताईंनी नवऱ्याला यातलं थोडंच सांगितलं, पण तेवढं पुरलं. पुढच्या शुक्रवारी सुटी होती. प्रतापरावांनी चहा घेतला, टीव्ही बंद केला, शर्ट बदलला, जणू कुणाच्या घरीच जायचं आहे, आणि माझ्यावर बसून न्यू जर्सीला फोन लावला. आसावरी आतल्या खोलीत होती. फोन स्पीकरवर टाकून प्रतापरावांनी तो माझ्या गादीवर ठेवला.

त्यांनी इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ सांगितलं, की पोरीच्या कार्डासाठी पुन्हा हमी लागणार असं ऐकतोय, तुझ्याकडे मागायचं तोंड नाही, तरी मागतोय.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग श्यामराव म्हणाले, "प्रताप, मी ती पहिली सहीच मागं घ्यायला गेलो होतो."

प्रतापराव फोनकडे वाकले.

"मधुराच्या लग्नानंतर. राग होता. एका वकिलाला विचारलं, यातून माझं नाव काढता येईल का. तो म्हणाला, ती इथं पोचली की नाही काढता येत. ती नागरिक होईपर्यंत, नाही तर तिनं इथं दहाएक वर्षं काम करेपर्यंत ती हमी तुमच्या नावावर. ती देश कायमची सोडून गेली तर सुटाल. त्यांचं लग्न मोडलं तर मात्र सुटणार नाही." मग ते म्हणाले, "दुसऱ्या सहीचं मला माहीत नाही. पहिली अजून संपलेली नाही, एवढंच माहीत आहे."

प्रतापराव माझा हात घट्ट धरून बसले होते. मला वाटलं, आता भांडण. पण ते म्हणाले, "दादा, मी मधुराच्या लग्नाला यायला हवं होतं. शटडाऊन कुणी तरी सांभाळलं असतं."

पुन्हा भांड्यांचा आवाज. आणि मग श्यामरावांनी हळूच विचारलं, "गुडघा कसा आहे सरोजचा?"

त्यानंतर दोघं भाऊ खूप वेळ बोलले. गुडघ्यावर, मधुराच्या सासरावर, नाशिकच्या घराच्या गळणाऱ्या गच्चीवर. पण आसावरीनं ते ऐकलंच नाही. दाराआड तिच्या कानावर पडलं होतं ते एवढंच, की लग्न मोडलं तर. फोन ठेवल्याबरोबर ती बाहेर आली. आमचं मोडतंय असं काकांना कुणी सांगितलं, असं तिनं बापाला विचारलं. प्रतापराव समजावायला गेले आणि नेहमीसारखे वाक्यात अडकले. तेव्हा ती तिरीमिरीत त्यांच्याच शेजारी बसली आणि तिनं गंधारला फोन लावला. ह्यूस्टनला जेमतेम उजाडत होतं.

"गंधार, तुला माझ्याबरोबर तो अर्ज करायचाय की नाही? एकच सांग."

प्रतापराव उठायला लागले. तिनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"आसा, माझी नोकरी गेलीये," गंधार म्हणाला. "तू तिकडं गेल्यावर दोन आठवड्यांत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यानंही इकडून तिकडून वाचलं होतं, की अट काढताना कमाई तपासतात. नोकरी नसताना अर्ज केला तर तो फेटाळतील, आसावरीचं कार्ड जाईल आणि सरकार काकांकडून पैसे वसूल करील, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. म्हणून नोकरी लागेपर्यंत तो तिला तिकडेच ठेवत होता. मुलाखतींवर मुलाखती देत होता. सांगायची लाज वाटत होती. सासऱ्यांनी दिलेली मुलगी आपल्याला पोसता येत नाही, असं तो म्हणाला.

"मला वाटलं, तुला मी नकोय," आसावरी म्हणाली.

"मला वाटलं, तुला कळलं तर तू येणारच नाहीस."

प्रतापराव भिंतीकडे बघत होते. सरोजताई स्वयंपाकघराच्या दारात काठीशिवाय उभ्या होत्या आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पण प्रश्न तर तसाच होता, मित्रांनो. नोकरी नाही, काकांची पहिली सही चालू, दुसरी लागते की नाही ते ठाऊक नाही. ऐकीव गोष्टींनी सगळ्यांचीच डोकी भणाणली होती. शेवटी गंधारनं शहाणपणा केला. मित्राच्या ओळखीनं त्यानं ह्यूस्टनमधल्या एका वकीलबाईंची वेळ घेतली. त्यांचं नाव अलीजा. टीपॉयवर लॅपटॉप ठेवून इकडची तिघं माझ्यावर दाटीवाटीनं बसली, पडद्याच्या एका चौकटीत गंधार, दुसरीत अलीजाबाई. त्या हिंदीत बोलत होत्या, फार घाई न करता.

प्रतापरावांनी सगळ्यात आधी हमीचंच विचारलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि सांगितलं, की अट काढण्याच्या अर्जाबरोबर नवी हमी लागतच नाही. ती कार्ड मिळताना एकदा दिली, ती चालू आहे, तुमच्या भावाला वकिलानं बरोबर सांगितलं. कुणी पुन्हा सही करायची नाही, कुणाचा पगार पुरतो का ते या अर्जात तपासत नाहीत. नोकरी गेली म्हणून कार्ड जात नाही.

माझ्या तिन्ही गाद्या एकदम हलक्या झाल्या. सरोजताईंनी हात जोडले. मला वाटलं, संपलं. इतके महिने ज्यासाठी घर हललं होतं ते मुळात मागितलंच नव्हतं.

पण अलीजाबाई चष्मा पुसत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आप दोनों आजकल रहते कहाँ हैं?"

गंधारनं मान खाली घातली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. त्या कार्डावर अट असते ती पैशाची नसतेच. लग्न खरं आहे का, केवळ कार्डासाठी केलेलं नाही ना, एवढंच सरकारला बघायचं असतं. दोघं एका घरात राहतात का, घरभाड्याच्या करारावर दोघांची नावं आहेत का, बँकेत एकत्र खातं आहे का, फोटो, प्रवास, दोघांना ओळखणारी माणसं काय म्हणतात. आईच्या आजारपणासाठी लेक माहेरी आली यात काही वावगं नाही, हॉस्पिटलचे कागद जपून ठेवा. पण आई बरी झाल्यावरही ती इथंच का राहिली, असं कुणी विचारलं तर काय सांगणार? पैशाच्या भीतीनं तुम्ही वेगळे राहिलात, आणि सबळ कारणाशिवाय वेगळं राहणं हीच एक गोष्ट त्यांना खटकू शकते. घरी जा, असं त्या आसावरीला म्हणाल्या. अर्ज मी करून देते, तुम्ही आधी घरी जा.

मला हे आजही नीट कळलेलं नाही. ज्या प्रश्नानं सगळ्यांची झोप उडवली तो कुणी विचारणारच नव्हतं, आणि जो विचारणार होते त्याचं उत्तर रोज माझ्या कडेवर बसलेलं होतं. माणसांचे कागद इतके अवघड का असतात, की माणसंच अवघड असतात, ते मला सांगता येणार नाही.

आसावरी त्याच आठवड्यात निघाली. बॅग भरून झाल्यावर ती माझ्यावर बसली, अगदी मागं रेलून, लहानपणी बसायची तशी पाय वर घेऊन. सरोजताईंनी या वेळी पाय खाली घे म्हटलं नाही. खालून गाडीचा हॉर्न वाजला, प्रतापरावांनी इथल्या पद्धतीनं "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, केलं आणि घर पुन्हा दोन माणसांचं झालं.

दोघांनी अर्ज केला. त्याची पोच मिळाली आणि पोचेबरोबर कार्डाची मुदतही वाढली. गंधारला नोकरी लागायला आणखी वेळ गेला. लागली ती आधीपेक्षा लहान कंपनीत. तोवर आसावरी एका शाळेत शिकवायला लागली होती आणि घर तिच्या पगारावर चालत होतं. गंधारनं ते स्वतः फोनवर सासऱ्यांना सांगितलं, न अडखळता.

आणि श्यामराव? वकीलबाईंना दोघांच्या संसाराबद्दल लिहून देणारी माणसं हवी होती. आसावरीनं काकांना विचारलं. ते म्हणाले, हमी डोळे मिटून दिली होती, साक्ष डोळे मिटून देता येत नाही. न्यू जर्सीहून ते विमानानं ह्यूस्टनला गेले आणि चार दिवस पुतणीकडे राहिले. तिथून त्यांनी धाकट्या भावाला फोन केला. प्रतापराव माझ्या टोकाला बसले होते.

"प्रताप, ही दोघं फार भांडतात रे," श्यामराव म्हणाले.

प्रतापरावांचा चेहरा उतरला. "कशावरून?"

"भांडी कुणी घासायची यावरून. तो म्हणतो मी, ती म्हणते मी. शेवटी तो घासतो, ती पुसते, आणि तोवर मला चहा मिळत नाही. हे लिहिलं तर चालेल का?"

"तू पाहिलंस ना? मग लिही," प्रतापराव म्हणाले आणि इतके हसले, की माझी डावी स्प्रिंग कुरकुरली. मला त्याचं काही वाटलं नाही.

निकालाला फार वेळ लागला. तिकडं लागतोच म्हणे. पक्कं कार्ड आलं तेव्हा आसावरीनं ते कॅमेऱ्यासमोर धरलं. सरोजताई म्हणाल्या, कार्ड बाजूला कर, तुझं तोंड दिसत नाही.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. प्रतापरावांच्या निवृत्तीची बोलणी सुरू आहेत. एक दिवस तेही विमानात बसतील आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पुन्हा एक चिठ्ठी लागेल. त्याची मला तक्रार नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्यावर ओले टॉवेल टाकू नका. कपड्यांचे ढीग रचू नका. तिथं माणसांना बसू द्या. आणि घरातलं कुणी फार दिवस कडेवर बसलेलं दिसलं, तर पैशांचं, कागदांचं, नियमांचं मागाहून बघा. आधी टीव्ही बंद करा, त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, काय झालंय.